रिएल नावाचा मासा

बुधवार, ८ जानेवारी २०२५

कंबोडियातल्या सिएम रीपला उतरलो तेव्हा दुपार टळली होती. इथला नवा विमानतळ २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि तो गावापासून चांगलाच लांब आहे, त्यामुळे हॉटेलवर पोचायला तासभर लागला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं आणि मधूनमधून ताडाची झाडं. आई गाडीच्या खिडकीशी बसली होती. "ताडगोळे मिळत असतील इथं," एवढंच म्हणाली.

कंबोडियाला जायचं आमच्या घरात कुणाच्याच मनात नव्हतं. आम्ही भोई. उजनी धरणाच्या पाणलोटाच्या काठाला, भिगवणच्या बाजूला आमचं घर. वडील जाळं टाकायचे आणि आई मासे विकायची. चाळीसहून जास्त वर्षं ती पाटी घेऊन आठवडी बाजारात बसली. गुडघे गेले तेव्हा दोन वर्षांपूर्वी तिनं बसणं सोडलं. तिला कुठंतरी न्यायचं माझ्या मनात होतं. नातेवाइकांनी काशी सुचवली, तिरुपती सुचवलं. एका संध्याकाळी मी तिला सहज सांगितलं, की कंबोडियात तोनले साप नावाचं एक तळं आहे, त्याची नदी वर्षातले काही महिने उलटी वाहते आणि त्या पाण्यातल्या माशावर सगळा देश जेवतो. आई तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "पाणी उलटं कसं वाहील गं? दाखव मला."

म्हणून आलो. तारखाही तिनंच पक्क्या केल्या. तिकडे मासा पौर्णिमेच्या आधी धावतो असं मी वाचलेलं सांगितलं आणि तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पौष पौर्णिमेवर बोट ठेवलं, १३ जानेवारी.

गुरुवार, ९ जानेवारी

पहाटे साडेपाचला टुकटुकवाला दारात हजर होता. तिशीचा मुलगा, इंग्रजी बरं बोलणारा. सिएम रीपमध्ये पर्यटक जातात तो जुना बाजार म्हणजे प्सार चास. प्सार म्हणजे बाजार. तिथंही मासळी मिळते, पण भोवती रेशमी स्कार्फ आणि लाकडी हत्तींची दुकानं. गावची माणसं खरेदीला जातात ती प्सार लेऊला, सहा नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर. आम्ही तिकडे निघालो.

बाहेर भाजीवाल्या, आत कापडाची आणि सोन्याची दुकानं, आणि त्यामागे, जिथं पायाखालची फरशी ओली व्हायला लागते, तिथून मासळी. वास आधी आला. आईनं पदर खोचला आणि माझा हात सोडला. गेली दोन वर्षं रस्ता ओलांडताना माझा दंड धरणारी ही बाई त्या निसरड्या बोळात माझ्या पुढं चालायला लागली.

लाकडी बुटक्या माच्यांवर बायका मांडी घालून बसलेल्या, अंगात फुलाफुलांचे पायजमे, डोक्याला चौकटीचा क्रामा बांधलेला. समोर ॲल्युमिनियमच्या मोठमोठ्या पराती आणि परातीत बोटभर पाणी. इथं ग्राहकाला मासा जिवंत लागतो. मागूर एकमेकांवरून सरपटत होते, वाम वेटोळी घालून पडलेली, आणि क्रान्ह नावाचा तळहाताएवढा काटेरी मासा कल्ल्यांवर जोर देऊन परातीच्या कडेवर चढत होता. एक खाली पडला तर बाईनं न बघताच हात घालून परत टाकला.

"मरळ!" आई ओरडली.

खरंच मरळ. त्यांच्याकडे त्रेई रॉस म्हणतात, त्रेई म्हणजे मासा. तीच सापासारखी डोकी, तीच काळपट हिरवी पाठ. मरळ हवेतून श्वास घेतो, म्हणून थोड्या पाण्यातही तासन् तास जगतो आणि बाजारात त्याला मान असतो, उजनीवरही आणि तोनले सापवरही. आई वाकली, अंगठ्यानं एकाचा कल्ला उचलून आत पाहिलं, मग बोटानं पाठ दाबली. मी घाबरले, परक्या देशात कुणाच्या मालाला हात लावलेला चालतो की नाही कुणास ठाऊक. पण विकणारी बाई आईच्या अंगठ्याकडे बघत होती. ती टुकटुकवाल्याला काहीतरी म्हणाली. तो हसून मला म्हणाला, "ती विचारतेय, तुझी आई मासे विकते का?"

मी हो म्हटलं. त्या बाईनं माचीवरची टोपली उचलून मागं ठेवली आणि आईला बसायला जागा केली.

पुढचा तासभर मी उभी होते आणि त्या दोघी बसलेल्या होत्या. आई मराठीत बोलत होती, ती ख्मेरमध्ये. ती आईला 'बोंग' म्हणत होती, म्हणजे मोठं भावंड, आपल्या ताईसारखं. आईनं तिला 'बाई' म्हटलं, जसं बाजारात शेजारी बसणारीला म्हणतात. मधल्या मधल्या गोष्टी टुकटुकवाला सांगायचा, पण फार कमी वेळा लागलं.

आईचं सगळं लक्ष हत्याराकडे होतं. आपल्याकडे विळी जमिनीवर ठरलेली असते, पातं जागचं हलत नाही, मासा दोन्ही हातांत धरून पात्यावर फिरवायचा. इथं उलटं. मासा लाकडाच्या गोल ओंडक्यावर आडवा आणि जड सुरा हातात. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की मरळाच्या डोक्यात लाकडी दांडक्याचा एक ठोका, मग खवले, मग पोट. पण आई थक्क झाली ती पुढच्या कामावर. बारीक काट्यांचा एक चंदेरी मासा बाईनं आडवा ठेवला आणि त्याच्या अंगावर सुऱ्यानं इतक्या जवळजवळ चिरा मारल्या की दोन चिरांमध्ये तांदळाचा दाणा मावणार नाही. दोन्ही बाजूंनी. मासा अखंड राहिला आणि आतले सगळे बारीक काटे मात्र तुकडे तुकडे झाले. तळला की लागतच नाहीत. आईनं तिच्या हातातून सुरा मागून घेतला आणि दुसऱ्या माशावर करून पाहिलं. पहिल्या चार चिरा जाड पडल्या. पाचवीपासून जमायला लागलं. बाईनं तो मासाही विकून टाकला.

परत निघताना भाजीच्या रांगेत आई पुन्हा थबकली. कमळाचे देठ आणि पाण्यातल्या पालेभाज्या यांच्या शेजारी कडुलिंबाच्या जुड्या, कोवळी पानं आणि फुलोरा. 'स्दाव' म्हणतात त्याला. तो उकळत्या पाण्यातून काढायचा आणि धुरावलेल्या किंवा सुकवलेल्या माशाबरोबर चिंचेच्या आंबटात कालवून खायचा. आपण पाडव्याला दोन पानं चावतो ती तोंड वाकडं करून. इथं थंडीतलं ते आवडीचं कालवण आहे. आईनं एक फुलोरा तोंडात टाकला. "आपल्यापेक्षा कमी कडू आहे," म्हणाली.

न्याहारी बाजारातच. नुम बान चोक म्हणजे तांदळाच्या आंबवलेल्या पिठाच्या शेवया आणि वर माशाचा पातळ हिरवट रस्सा. मासा शिजवून कुस्करलेला, वाटणात गवती चहा, कुळिंजन, ओली हळद, लसूण. वरून केळफूल आणि काकडी. आईनं दोन वाट्या खाल्ल्या. रश्श्यात मागं एक खोल, खारट चव होती, ती कशाची ते तिला कळेना. टुकटुकवाला म्हणाला, "प्राहोक." आणि मग म्हणाला, "प्राहोक बघायचं असेल तर बात्तामबांगला जा."

शुक्रवार, १० जानेवारी

अंगकोर या जुन्या राजधानीचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर. आईला देवळांच्या पायऱ्या जमणार नव्हत्या, म्हणून आम्ही एकच ठिकाण नीट पाहिलं, बायोनचं देऊळ. सातव्या जयवर्मन राजाचं, बाराव्या शतकाच्या अखेरचं. सगळे वर दगडी चेहरे बघायला चढतात. आम्ही खालच्या बाहेरच्या भिंतीशीच राहिलो, कारण तिथं बाजार कोरलेला आहे.

राजाच्या युद्धनौका आहेत, शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी लढाई आहे, पण त्याच दगडात खालच्या पट्टीत रोजची माणसं आहेत. कोंबड्यांची झुंज लावणारे, चुलीवर भांडं चढवणारे, तराजू धरलेली बाई, मासे विकणाऱ्या बायका. लढाईच्या होड्यांखाली पाणी, आणि पाण्यात मासेच मासे. एका ठिकाणी मासे झाडांमधून पोहताहेत. आईनं मला विचारलं, "झाडात मासा कसा?" तेव्हा मी तिला उत्तर दिलं नाही. म्हटलं, उद्या बघ.

१२९६ साली चौ ताग्वान नावाचा चिनी दूत अंगकोरला आला आणि वर्षभर राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की इथला व्यापार बायका करतात, बाजार पहाटे भरतो आणि दुपारपर्यंत उठतो, दुकानं नसतात, जमिनीवर चटई अंथरून माल मांडतात, प्रत्येकीची जागा ठरलेली असते आणि त्या जागेचं भाडं अधिकाऱ्यांना द्यावं लागतं. हे मी आईला वाचून दाखवलं. भाड्याशी आली तेव्हा ती म्हणाली, "पावती देत होते का?" बाजारात बसायच्या जागेवरून तिनं किती भांडणं केलीत ते मी लहानपणापासून पाहिलंय. हा प्रश्न तिनं अगदी मनापासून विचारला होता.

शनिवार, ११ जानेवारी

सिएम रीपपासून पन्नासेक किलोमीटरवर कांपोंग ख्लेआंग. इथली घरं खांबांवर आहेत, काही तर दोन-तीन मजल्यांच्या उंचीवर. पाणी उतरायला लागलं होतं, त्यामुळे खांबांचे पाय उघडे पडलेले आणि त्यांच्यावर पावसाळ्यातल्या पाण्याच्या खुणा माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. होडीत बसताना तिकिटाच्या पैशांवरून थोडी कटकट झाली. सांगितलेला आकडा आणि घेतलेला आकडा वेगळा निघाला. जाऊ दे.

होडी तळ्याच्या तोंडाशी आली तेव्हा आईला झाडांत मासा कसा ते दिसलं. पाण्यात बुडालेलं रान. अर्धी झाडं अजून कमरेइतक्या पाण्यात, वरच्या फांद्यांत पुरानं आणलेला काडीकचरा अडकलेला.

मी तिला होडीतच सगळं समजावलं. जूनच्या सुमारास मेकाँग नदीला इतका पूर येतो की तिचं पाणी तोनले साप नदीत घुसतं. ही नदी एरवी तळ्यातून मेकाँगकडे वाहते, ती मग मेकाँगकडून तळ्याकडे वाहायला लागते. उन्हाळ्यात अडीच हजार चौरस किलोमीटर असलेलं तळं पावसाळ्याच्या अखेरीस पंधरा हजारांच्या आसपास जातं. भोवतीचं रान बुडतं आणि माशांची पिल्लं त्या बुडालेल्या झाडाझुडपांत वाढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदी पुन्हा फिरते. तेव्हा बोन ओम तूक हा पाण्याचा सण असतो, होड्यांच्या शर्यती लागतात. मग पाणी ओसरायला लागतं आणि मासा त्याच्याबरोबर बाहेर पडतो.

आई बराच वेळ गप्प होती. आमच्याकडेही पाणी चढतं-उतरतं. उन्हाळ्यात उजनी आटली की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि माणसं होडीतून दर्शनाला जातात. आईचं माहेर त्याच पट्ट्यातलं, जुनं गाव पाण्याखाली गेलेलं. "आपलं पाणी भिंतीनं अडवलेलं," ती म्हणाली, "यांचं मोकळं आहे." आणि मग विचारलं, "याच्यावर धरणं नाहीत ना?"

आहेत. इथं नाहीत, पण वर मेकाँगवर आहेत, चीनमध्ये आणि लाओसमध्ये. २०१९ साली पाऊस कमी पडला, त्यात वरची धरणं, आणि नदी उलटी फिरायलाच फार उशीर झाला. मी हे सांगितलं. तिनं मान हलवली आणि खांबांवरच्या खुणांकडे बघत राहिली.

घरांखाली बांबूच्या काड्यांत ओवलेले मासे धुरावर लावलेले होते, एकासारखा एक, सोनेरी. एक जुडी घेतली. हॉटेलची खोली रात्रभर त्या वासानं भरून राहिली.

रविवार, १२ जानेवारी

सकाळच्या गाडीनं बात्तामबांग, तळ्याला वळसा घालून साडेतीन तास. गाव संगकाय नदीच्या काठी. मधोमध प्सार नात, फ्रेंच काळातली पिवळी बाजाराची इमारत. तिथं न थांबता आम्ही थेट प्राहोकच्या बाजारात गेलो.

इथं वास दार नाही, भिंत आहे. डोळ्यांतून पाणी येतं. मला पाच मिनिटं बाहेर उभं राहावं लागलं. आई सरळ आत गेली.

प्राहोक म्हणजे मिठात मुरवलेला मासा. थंडीत नदीत उतरणारा बोटाएवढा चंदेरी मासा त्यासाठी लागतो. त्याचं नाव त्रेई रिएल. इथल्या चलनाचं नावही रिएल, आणि लोक सांगतात की ते या माशावरूनच पडलं. डॉलरला साधारण चार हजार रिएल मिळतात. बाजारात दोन्ही चालतात, पण मासळीवाली हिशोब रिएलमध्येच सांगते.

मोठ्या शेडमध्ये तीसेक बायका बुटक्या पाटांवर बसल्या होत्या. डाव्या हातात मासा, उजव्या हातात सुरी, एक घाव, मुंडकं वेगळं. पुढचा. मग तो मासा टोपल्यांत घालून पायांनी तुडवून धुतात, पोटातली घाण आणि चरबी वर येऊन वाहून जाते. मग उन्हात वाळवतात, मीठ लावतात, कुटतात आणि रांजणात भरतात. वीस-पंचवीस दिवसांचा प्राहोक चालतो, वर्षाचा चांगला, त्याहून जुना आणखी चांगला. पावसाळ्यात, मासेमारी बंद असते तेव्हा, खेड्यापाड्यात याच्यावरच निभावतं. पूर्वी या दिवसांत लांबलांबचे शेतकरी बैलगाडीत भात घालून नदीवर यायचे आणि भात देऊन मासा न्यायचे. एका कुटुंबाचा वर्षाचा प्राहोक एका फेरीत.

रांजणांच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, आईच्याच वयाची. लाकडी उलथन्यानं तिनं तीन रांजणांतला थोडा थोडा प्राहोक पानावर काढून आईपुढं धरला. करडा, गुलाबी, तिसरा जवळजवळ तपकिरी. आईनं तिन्ही चाखले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. तोच सगळ्यांत जुना होता. म्हातारी खूष झाली.

बात्तामबांगला आमच्याबरोबर भाषा समजणारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिच्यामार्फत आईनं विचारलं, किती वर्षं बसतेस इथं? म्हातारी म्हणाली, "पैसे परत आल्यापासून."

मला क्षणभर कळलं नाही. मग उमगलं. १९७५ ला ख्मेर रूज हे कडवे कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा त्यांनी बाजार बंद केले आणि पैसाच रद्द केला. गावं रिकामी करून माणसांना शेतांवर हाकललं. रिएलच्या नोटा पुन्हा निघाल्या त्या १९८० मध्ये. मधल्या वर्षांत मासे होते, तळं होतं, पण तो मासा स्वतःसाठी धरायचीही सोय नव्हती. म्हातारीनं याहून जास्त काही सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

उजनी धरण पुरं झालं तेही १९८० ला. गाव सोडून वर आल्यावर आईनं पहिली पाटी उचलली ती त्याच सुमारास. हे आईनं त्या मुलीला सांगितलं, मुलीनं म्हातारीला. दोघींनी एकमेकींचे हात बघितले. आईच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी विळीचा जुना व्रण आहे. म्हातारीच्या डाव्या तर्जनीवर सुरीचा.

मग आई पाट ओढून मुंडकी उडवणाऱ्या बायकांत जाऊन बसली. पाऊण तास. मी ढीग वाढताना बघत होते. आमच्याकडे या आकाराच्या माशाला कुणी विचारत नाही. उजनीत वडाप नावाच्या बारीक जाळ्यानं असला बारका मासा ओढतात, त्यावरून केवढी भांडणं होतात, कारण तिथं तो मोठ्या माशाचं पिल्लू असतो. इथला रिएल मुळातच लहान जातीचा. पण त्यालाही धाक आहेच. मरळ पाळणारे त्याला खाद्य म्हणून हाच बारका मासा घालायचे, म्हणून २००४ मध्ये सरकारनं मरळपालनावर बंदी आणली, ती २०१६ ला उठली. मुलीनं हे सांगितल्यावर आई म्हणाली, "बरोबर केलं. गरिबाचा मासा श्रीमंताच्या माशाला घालतात होय?" सुरी थांबली नव्हती.

सोमवार, १३ जानेवारी

बात्तामबांगहून नॉम पेनला पोचायला पाचेक तास. वाटेत कांपोंग छ्नांगला रस्त्याच्या कडेनं मातीच्या मडक्यांचे ढीग. दुपारी नॉम पेनचा मोठा बाजार पाहिला, प्सार थ्मेई, १९३७ चा, पिवळ्या घुमटाचा. घुमटाखाली घड्याळं आणि दागिने, एका अंगाला मासळी. स्वच्छ, महाग, समुद्राचाही माल. आई दहा मिनिटांत म्हणाली, "चल."

तिला नदीवर जायचं होतं. आज पौर्णिमा. संध्याकाळी रिक्षा ठरवून आम्ही शहराबाहेर तोनले साप नदीच्या काठानं वर गेलो, तिथं 'दाय' असतात. नदीत ओळीनं नांगरलेली पिशवीसारखी जाळी, एकेक शंभर मीटरहून लांब, तोंड प्रवाहाकडे. मासा तळ्यातून वाहत्या पाण्याबरोबर येतो आणि शेपटाकडे साठतो. तिथं बांबूच्या तराफ्यावर माणसं असतात, ती शेपूट वर ओढतात आणि उपसून होडीत ओततात. मग पुन्हा सोडतात.

काठावर दिव्यांच्या उजेडात बायका आधीच कामाला लागल्या होत्या. खरी धावण दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली, एकीनं रिक्षावाल्याला सांगितलं, मासा पौर्णिमेच्या आधीच पळतो, आता उतरती आहे. मला वाईट वाटलं. आईला नाही. तिनं काठावरची एक उलटी टोपली बघितली आणि तिच्यावर बसली.

चंद्र नदीवर आला होता. पाणी दक्षिणेकडे, मेकाँगकडे वाहत होतं, चांगल्या ओढीनं. आईनं वाळकं पान टाकून ते कुठल्या बाजूला जातंय ते बघितलं. "आणि जूनमध्ये तिकडे?" तिनं उत्तरेकडे हात केला. मी हो म्हटलं. तिनं आणखी एक पान टाकलं.

समोरच्या तराफ्यावर जाळ्याचं शेपूट वर आलं आणि रिएल होडीत ओतले गेले, पांढरा आवाज झाला, पावसासारखा. होडी काठाला लागली. दोघं जण टोपल्या उतरवायला लागले. आई मोजत होती, बाजारात मोजायची तशी, ओठांतल्या ओठांत, आणि एकाच्या जागी 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन. तिसऱ्या होडीला चोवीसपर्यंत आली तेव्हा मी तिला उठवलं. सकाळचं विमान होतं. ती उठली, पण पंचविसावी उतरेपर्यंत थांबली.